बूट पॉलिशच्या डबीतलं यंत्र

१९५८ साली स्वीडनमधले आर्ने लार्सन दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत होते. वय अवघं ४३. विषाणूसंसर्गामुळे त्यांच्या हृदयाची लय बिघडली होती. ठोका मध्येच थबकायचा आणि शुद्ध हरपायची. पत्नी एल्स-मारी यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट यांच्यामागे लकडाच लावला: शरीराच्या आत बसेल असा पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोक्याचा विजेचा इशारा देणारं यंत्र, बनवा. तसं यंत्र तेव्हा कुणापाशीच नव्हतं. एल्मक्विस्ट यांनी घाईघाईने ते जुळवलं आणि इपॉक्सीत ओतलं. साच्यासाठी बूट पॉलिशची डबी वापरली. ८ ऑक्टोबरला स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ते पोटाच्या त्वचेखाली बसवलं गेलं. काही तासांतच बंद पडलं. मग दुसरं लावलं.

लार्सन यांच्या हृदयात नेमकं काय बिनसलं होतं?

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. ठोक्याचा विजेचा इशारा तिथून निघतो. आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात, मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या नाक्यावर इशारा क्षणभर थांबतो, तेवढ्यात रक्त खाली उतरतं आणि खालचे कप्पे ते शरीरभर ढकलतात. दिवसाकाठी हे साधारण एक लाख वेळा घडतं. लार्सन यांच्या बाबतीत मधला नाकाच बंद झाला होता. यालाच डॉक्टर ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात. रक्तवाहिनी तुंबून येणारा हार्ट अटॅक वेगळा, तिथलं ‘ब्लॉकेज’ही वेगळं. नावांच्या या सारखेपणामुळे पेसमेकर सुचवला की ‘मग अँजिओप्लास्टी का नाही?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे.

लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तोवर त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले.

बेशुद्धी निदान लक्षात तरी येते. एट्रियल फिब्रिलेशन हा बिघाड मात्र पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. त्यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका जवळपास पाचपट वाढतो. म्हणून अशा अनेक रुग्णांना हृदयाच्या तक्रारीसाठी रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते. वाढतं वय, रक्तदाब, थायरॉइड ही या बिघाडाची नेहमीची कारणं. आपल्याकडे त्यात लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडपही येते, त्यामुळे तरुण माणसांतही तो आढळतो.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, तर ती संथ, जलद की वेडीवाकडी हे घरीही कळतं. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं निरोगी माणसातही होतं. जागरण किंवा जास्त चहा-कॉफी झाली की हमखास. पण आजोबांना घेरी आली की घरोघरी आधी पित्ताचं नाव निघतं, आणि तिथेच मौल्यवान दिवस जातात. श्रम करताना आलेली बेशुद्धी, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, या गोष्टी डॉक्टरांना त्वरित सांगायलाच हव्यात.

दवाखान्यात काढलेला ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत लय सुरळीत असली, तर कागदही निर्दोषच येणार. मग चोवीस तास अंगावर वागवायचं होल्टर यंत्र लावतात. त्या दिवशी जिना चढताना धडधड झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घड्याळातली वेळ वहीत लिहून ठेवायची. डॉक्टर नोंदीतलं नेमकं तेच मिनिट काढून पाहतात.