मेंढीकोट: जागरणाचा डाव

गौरी-गणपतीला पाहुण्यांनी भरलेल्या घरात जागरणाच्या रात्री हमखास रंगणारा पत्त्यांचा डाव म्हणजे मेंढीकोट. वरळी कोळीवाड्यात काय किंवा लालबागच्या चाळीत काय, तो पुस्तकातून कोणी शिकत नाही. मोठ्यांच्या मागे बसून, त्यांची पानं बघत शिकतात.

खेळणारे चार, समोरासमोर बसलेले एकमेकांचे भिडू. ५२ पानं पिसून प्रत्येकाला १३ वाटतात. उतारी, म्हणजे आधी टाकलेलं पान, ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान टाकायचं. सर्वांत मोठं पान हात, म्हणजे ती चार पानं, घेऊन जातं. एक्का सगळ्यांत वरचा. पण खरी झुंज दहाच्या पानांसाठी, म्हणजे मेंढ्यांसाठी. तीन मेंढ्या पकडल्या की डाव जिंकला, दोन-दोन झाल्या तर ज्या जोडीचे सात किंवा जास्त हात ती जिंकली. चारही मिळाल्या तर समोरच्यांवर कोट, आणि सगळे १३ हात ओढले तर बावन्नपानी कोट!

नवशिक्या अडतो तो हुकुमापाशी. एका प्रकारात उतारीचा रंग हातात नसलेला पहिला खेळाडू जे पान टाकतो, त्याचा रंग हुकूम ठरतो. त्यानंतर हुकुमाची दुरीही दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. मेंढी वाचवायची तर त्या रंगाचा एक्का बाहेर पडण्याआधी ती उतरायची नाही, आणि हात भिडूकडे जाणार असं दिसलं की ती बिनधास्त टाकायची. भिडूला खाणाखुणा करणं नियमात बसत नाही. थांबवणं मात्र कठीण.

लहानांना आधी बदाम सात किंवा झब्बूला बसवतात. त्यात रंग आणि पानांचा क्रम आपोआप पाठ होतो.