पार्टी कशी आहे?

लेखनाचे काम मागण्याआधी समोरच्या संस्थेची माहिती काढणे हा फ्रीलान्स लेखकाच्या धंद्यातला बिनमोबदल्याचा, पण सर्वांत फळणारा भाग आहे. उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी ‘पार्टी कशी आहे?’ अशी चौकशी करतो, तसेच हे. लेखकाला मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते : या पार्टीला लेखनाची गरज आहे का, आणि ती कुठे अडली आहे?

नाशिकमध्ये ही गरज धंद्यानुसार बदलते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतले अनेक लहान कारखाने मोजक्याच मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. त्यांना जाहिरातीचे फारसे काम नसते. नेमके इंग्रजी कॅटलॉग आणि कंपनीची ओळख सांगणारी चार पाने मात्र हवी असतात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीला शेतकऱ्याशी मराठीत आणि परदेशी खरेदीदाराशी इंग्रजीत बोलावे लागते. सगळ्यांना एकच मेल पाठवणारा लेखक यांपैकी कुणाच्याच उपयोगाचा ठरत नाही.

कंपनीची वेबसाइट तिला जे सांगायचे तेच सांगते. खरी माहिती सरकारी नोंदींत असते, आणि ती पाहायला ओळखपाळख लागत नाही. बिलावर छापलेला १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक घ्या. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७; पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. त्यामुळे क्रमांकातले सहावे अक्षर मालकी सांगते : ‘पी’ असेल तर एकट्याचा धंदा, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. ‘पी’ दिसला की प्रस्ताव थेट मालकाकडे न्यावा. तिथे मार्केटिंग विभाग शोधणे व्यर्थ. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही नोंदणी चालू आहे की रद्द आणि विवरणपत्रे केव्हा भरली, हे दिसते. विवरणपत्रे महिनोन्‌महिने रखडलेली असतील, तर लेखकाचे बिल वेळेवर निघेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

बिल्डरच्या बाबतीत २०१७ पासून महारेराची नोंद हाताशी आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्ततेची तारीख, किती सदनिकांची नोंदणी झाली हे तिथे मिळते. जवळपास सगळ्या सदनिका विकल्या गेल्या असतील, तर माहितीपत्रकाचा प्रस्ताव उशिरा पोहोचलेला असतो. आणि नोंदणी आवश्यक असूनही ती न केलेल्या प्रकल्पाची जाहिरात कायद्यानेच करता येत नाही, तेव्हा तिचा मजकूर लिहायचे काम न घेतलेले बरे.

शेअर बाजारातल्या कंपन्या तर स्वतःचा अभ्यास आयता करून ठेवतात. वाइन बनवणाऱ्या नाशिकच्या सुला विनयार्ड्‌सची नोंद डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात झाली. अशा वेळी काढलेल्या माहितीपत्रात कंपनीचा धंदा, स्पर्धक आणि जोखमी तपशिलाने दिलेल्या असतात. ते कंटाळवाणे असते, पण एका संध्याकाळचे वाचन लेखकाला बैठकीत निराळे ठरवते. टीव्हीवर मद्याच्या जाहिरातीला बंदी असल्याने वाइनरीला द्राक्षबाग, पर्यटन, मुक्काम यांविषयी बोलणे सोयीचे पडते, हे त्यातूनच उमगते. काळवेळही सांभाळावी लागते. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीची घाई. त्या हंगामातल्या पर्यटनासाठी काही लिहायचे तर दिवाळीपूर्वीच बोलणे झालेले बरे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या हॉटेलांचेही तसेच.

पैशांच्या बाबतीत कायदा पाठीशी आहे, निदान कागदावर. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे, २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज. तरी कायद्यापेक्षा प्रेसवाल्याचा शब्द अधिक कामाचा. कॅलेंडर आणि कॅटलॉग छापून देणाऱ्याला कोण पैसे देतो आणि कोण फेऱ्या मारायला लावतो, हे पक्के ठाऊक असते. मालकाच्या घरच्या समारंभांची, मुलांची माहिती समाजमाध्यमांवर दिसली तरी ती प्रस्तावात आणू नये. तिने जवळीक न वाढता संशय वाढतो.

या साऱ्यातून मेलसाठी उरतात जेमतेम दोन-तीन ओळी : कॅटलॉगमध्ये नव्या यंत्राचा उल्लेख नाही, शेतकऱ्यांसाठीचे पान फक्त इंग्रजीत आहे, असे काहीतरी. तासा-दोन तासांत अशी एकही ओळ सापडली नाही, तर ते नाव बाजूला ठेवून यादीतले पुढचे घ्यावे.