संगणक अडतो तेव्हा

म्हैसूरच्या दसऱ्यात जंबूसवारी राजवाड्यातून निघून सय्याजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. सुमारे ७५० किलोग्रॅम वजनाची सोन्याची अंबारी वाहणारा हत्ती पुढे सरकेपर्यंत त्या मार्गावरील इतर वाहतूक थांबवलेली असते. बाजूच्या गल्लीत उभ्या असलेल्या ज्या प्रवाशास मिरवणूक दिसत नाही, त्यास सारे शहरच ठप्प झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः शहराचे व्यवहार चालूच असतात. केवळ एक मार्ग एका स्वारीसाठी राखून ठेवलेला असतो.

घरच्या संगणकाच्या बाबतीत असाच प्रसंग वारंवार येतो. चकतीची तपासणी, नव्या वापरकर्त्याची नोंद किंवा एखाद्या उपकरणाचा चालक बदलणे यांसारखी व्यवस्थापकीय कामे सुरू करताच पडदा एकाएकी निश्चल होतो. बाण हलत नाही, कळा दाबून काही घडत नाही. बोलीत यास संगणक ‘हँग’ झाला असे म्हणतात. घाबरलेला मनुष्य अशा वेळी विजेचे बटण बंद करतो, आणि पुष्कळदा खरी हानी होते ती याच क्षणी. यास्तव अडण्याचे प्रकार ओळखणे अगत्याचे आहे.

अधिकार आणि त्याची राखण

संगणकातील प्रत्येक आज्ञावलीस सर्व काही करण्याची मुभा दिली, तर एक सदोष आज्ञावली सारी यंत्रणा बिघडवू शकेल. म्हणून १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत सामान्य वापरकर्ता आणि सर्वाधिकारी वापरकर्ता असा भेद ठेवण्यात आला. पुढे १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत ‘सुडू’ नावाची आज्ञावली तयार झाली. तिच्या योगे सामान्य वापरकर्त्यास एखाद्याच कामापुरता सर्वाधिकार मिळू लागला. विंडोज प्रणालीत ‘तुम्ही यास अनुमती देता काय?’ असे विचारणारी चौकट २००७ साली व्हिस्टा या आवृत्तीबरोबर घरोघरी पोहोचली.

ही चौकट दिसताना उरलेला पडदा काळवंडतो. त्या वेळी मूळ पडदा बाजूस ठेवून संगणक एक वेगळा, सुरक्षित पडदा पुढे आणतो आणि जुन्या पडद्याचे केवळ चित्र मागे दाखवतो. एखाद्या लबाड आज्ञावलीने वापरकर्त्याच्या वतीने परस्पर होकार देऊ नये, हा त्यामागील हेतू होय. लिनक्सच्या काही जुन्या साधनांतही परवलीचा शब्द विचारताना कळफलक व माउस यांचा संपूर्ण ताबा घेतला जाई, जेणेकरून दुसऱ्या कोणास तो शब्द चोरून वाचता येऊ नये.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. समजा, म्हैसूरला राहणाऱ्या आईवडिलांच्या संगणकाची दुरुस्ती त्यांचा पुण्यातील मुलगा पडदा दूरस्थ दाखवणाऱ्या साधनाने करीत आहे. त्याने व्यवस्थापकीय साधन उघडताच पुण्यातील चित्र गोठते किंवा काळे पडते. तो म्हणतो, “बाबा, संगणक हँग झाला, बंद करून चालू करा.” प्रत्यक्षात म्हैसूरच्या पडद्यावर अनुमतीची चौकट उत्तराची वाट पाहत असते, सुरक्षित पडदा दूरच्या साधनास दिसू दिला जात नाही, एवढेच. समोर बसलेल्या माणसाने चौकट वाचून, काम आपणच मागितलेले आहे अशी खात्री करून ‘होय’ म्हटले की चित्र पूर्ववत चालू लागते. ही चौकट त्रासदायक म्हणून कायमची बंद करणे मात्र दाराची कडी काढून टाकण्यासारखे आहे.

खरी कोंडी

सर्वच अवरोध असे निरुपद्रवी नसतात. अधिकार मोठा मिळाला म्हणून कामाचा वेग वाढत नाही. उलट व्यवस्थापकीय साधने ज्या वस्तूंना हात घालतात, त्या सर्वांच्या सामाईक असतात: चकती, स्मृती, उपकरणांचे चालक. त्यांपैकी एक अडली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे थांबतात.

पहिले कारण मंदगती होय. संगणकाच्या स्मृतीतून माहिती मिळण्यास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो; फिरत्या चकतीवरून ती शोधण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. म्हणजे चकती सुमारे एक लक्ष पटींनी मंद. स्मृती अपुरी पडली की संगणक चकतीचाच स्मृतीसारखा उपयोग करू लागतो आणि सारे व्यवहार रांगत चालतात. चकतीचा एखादा भाग खराब झाला असेल, तर तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात कित्येक सेकंद जातात.

दुसरे कारण परस्परावरोध होय. चौकात चारही दिशांनी वाहने घुसली आणि प्रत्येकाने पुढच्याची वाट अडवली, तर कोणीच हलू शकत नाही. तसेच दोन आज्ञावलींपैकी एकीने चकती धरून ठेवावी व चालकाची वाट पाहावी, आणि दुसरीने चालक धरून चकतीची वाट पाहावी, असे घडले तर ती प्रतीक्षा आपण होऊन संपत नाही. अशा कोंडीस चार अटी एकत्र याव्या लागतात, असे कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ साली मांडले: वस्तू एका वेळी एकासच वापरता येणे, हातची न सोडता दुसरीची वाट पाहणे, हातची बळाने काढून घेता न येणे, आणि प्रतीक्षेचे वर्तुळ पूर्ण होणे. यांतील एक अट मोडली तरी कोंडी होत नाही. अडलेली एक आज्ञावली बंद केल्याने संगणक पुष्कळदा मोकळा होतो, त्याचे मर्म हेच.

तपासाचा क्रम

वैद्य प्रथम नाडी पाहतो. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कार्यप्रणालीचा गाभा बहुधा जिवंत आहे. चकतीचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून काही मिनिटे थांबावे. विंडोजमध्ये एखादी खिडकी पाच सेकंद उत्तर देत नसेल, तर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी खूण दिसते. पण ती मृत्यूची नव्हे, मौनाची खूण आहे.

त्यानंतर ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ व ‘डिलीट’ या कळा एकत्र दाबाव्यात. ही हाक सामान्य आज्ञावलीस अडवता येत नाही. ती थेट कार्यप्रणालीकडे जाते. तेथून ‘टास्क मॅनेजर’ उघडल्यास प्रोसेसर, स्मृती व चकती यांपैकी कशावर ताण आहे हे आकड्यांत दिसते. लिनक्समध्ये ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ व ‘एफ-३’ या कळांनी बहुधा एक स्वतंत्र अक्षरी पडदा मिळतो व तेथून अडलेले साधन थांबवता येते.

एवढे करूनही यंत्र मुके राहिले, दिवाही बदलत नसला, तरच विजेचे बटण काही सेकंद दाबून धरावे. मात्र चकतीची दुरुस्ती चालू असताना हा उपाय शक्य तोवर टाळावा. अर्धवट लिहिलेली नोंद मागे राहिल्यास फाइली नष्ट होऊ शकतात. मोठ्या चकतीच्या तपासणीस कित्येक तास लागणे मुळीच असाधारण नाही.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच प्रयोग ‘सेफ मोड’मध्ये करावा. तेथे मोजकेच चालक चालू असतात. तेथे साधन सुरळीत चालले, तर दोष बहुधा एखाद्या चालकात किंवा नंतर घातलेल्या आज्ञावलीत आहे. तेथेही अडले, तर चकती वा स्मृती यांकडे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत टिपावे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

आणि हे सर्व करण्यापूर्वी, घरातील छायाचित्रे व कागदपत्रे यांची एक प्रत दुसऱ्या चकतीवर ठेवलेली असावी. यंत्र पुन्हा विकत घेता येते. दिवंगत आजीचे एकुलते छायाचित्र विकत मिळत नाही. ज्याची प्रत सुरक्षित आहे, त्यास निश्चल पडद्यासमोर शांतपणे थांबता येते, आणि निदानास सर्वप्रथम लागते ती हीच शांतता होय.