व्यापारी करारांचें मोजमाप

दोन देशांनीं परस्परांच्या मालावरील जकात उठविण्याचा करार केला आणि पुढील दहा वर्षांत त्यांचा व्यापार वाढला, तर ती वाढ सर्वस्वीं कराराचीच म्हणावयाची काय? त्याच काळांत लोकांचें उत्पन्नही वाढलेलें असतें, जहाजांचें भाडेंही उतरलेलें असतें. करार झालाच नसता तर व्यापार किती झाला असता, हें कळल्यावांचून कराराचें श्रेय ठरत नाहीं. आणि जें घडलेंच नाहीं तें मोजावयाचें कसें?

डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनीं १९६२ सालीं यासाठीं जें समीकरण मांडलें, तें न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाची आठवण करून देतें. दोन देशांतील व्यापार त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाबरोबर वाढतो व अंतराबरोबर घटतो. अंतर दुप्पट झालें कीं व्यापार साधारण निम्मा होतो. (न्यूटनच्या नियमानें तो चतुर्थांश व्हावा, तेव्हां हें साम्य फार ताणूं नये.) या समीकरणानें अपेक्षित व्यापार काढावयाचा, प्रत्यक्ष व्यापार त्याच्याशीं ताडून पाहावयाचा, आणि उरेल तो फरक कराराच्या खात्यावर जमा करावयाचा. टिनबर्गेन यांच्या हिशेबांत बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग यांच्या संघाच्या वांट्यास अवघे ४ टक्के आले, आणि ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या वांट्यास ५. एवढ्यासाठीं का मुत्सद्द्यांनीं वर्षानुवर्षें घासाघीस करावी?

श्रोतेहो, हिशेबांतली गोम अशी, कीं करार कांहीं चिठ्ठ्या टाकून होत नाहींत. इस्पितळांतले लोक घरच्या लोकांपेक्षां अशक्त दिसतात, म्हणून औषधानें अशक्तपणा येतो असें आपण म्हणत नाहीं. ज्या देशांचा आपसांतला व्यापार परवान्यांनीं व अंतर्गत नियमांनीं खुंटलेला असतो, त्यांनाच करारापासून अधिक लाभाची आशा असते व तेच पुढें येतात. करारानें तो व्यापार अपेक्षित पातळीपर्यंत चढला, तरी समीकरणाला फरक शून्यच दिसतो!

स्कॉट बायर व जेफ्री बर्गस्ट्रँड यांनीं २००७ सालीं ९६ देशांचे १९६० ते २००० पर्यंतचे आकडे घेऊन निराळी वाट धरली. एका जोडीची दुसरीशीं तुलना न करतां, प्रत्येक जोडीची तिच्याच पूर्वस्थितीशीं त्यांनीं तुलना केली. त्यामुळें त्या जोडीचे कायमचे छुपे अडथळे दोन्हीं बाजूंनीं वजा झाले. मग सरासरी निघाली ती अशी: मुक्त व्यापाराच्या करारानें दहा वर्षांत दोघांचा व्यापार जवळजवळ दुप्पट होतो.

मात्र व्यापार दुप्पट झाला म्हणजे लाभही दुप्पट झाला, असें नव्हे. जेकब व्हायनर यांनीं १९५० सालींच दाखविलें होतें, कीं यांतला कांहीं व्यापार नवा असतो, तर कांहीं तिसऱ्या देशाच्या स्वस्त मालाचें गिऱ्हाईक वळविल्यानें झालेला असतो. दोघांमधील व्यापाराच्या आकड्यांत हे दोन्हीं भाग एकत्रच मोजले जातात.