प्रगतिपुस्तकातला शेरा

रमजानच्या महिन्यात मी फारसे काही विसरत नाही. सहेरीला घरात तीन गजर वाजतात, मशिदीतून वेळ सांगितली जाते, आणि एवढे होऊनही दिवा लागला नाही तर शेजारच्या चाची दार वाजवतात. इफ्तारची वेळ मिनिटासह छापलेला तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असतो. कधी खायचे, कधी थांबायचे, कधी नमाजला उठायचे, हे सगळे बाहेरून कोणीतरी सांगत असते. उरलेल्या अकरा महिन्यांत मात्र वेळ मला दिसतच नाही. विजेचे बिल डोळ्यांसमोर पडून असते आणि दंड भरावा लागतो. वर्गाचे पेपर दहा दिवस पिशवीतून शाळेत आणि घरी फिरतात, मग शेवटच्या रात्री तीनपर्यंत जागून तपासले जातात. दूध तर सगळ्यांच्याच घरी उतू जाते. माझ्याकडे ते मी गॅससमोर उभी असताना जाते.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे, हायस्कूलमध्ये शिकवते. दोन वर्षांपूर्वी भावाच्या मुलाला तपासणीसाठी नेले होते, तेव्हा भाभीसोबत मीही गेले. डॉक्टर त्याच्याविषयी एकेक प्रश्न विचारत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरे देत होते. मुलगा नऊ वर्षांचा. उत्तरे तीच.

मग मी स्वतःसाठी एका डॉक्टरांकडे गेले. पाच मिनिटांत निकाल लागला. "बी.एड. झालंय, नोकरी आहे, संसार आहे. तुम्हाला कसला एडीएचडी? तो लहान मुलांचा असतो. जरा शिस्त लावून घ्या." शिस्त हा शब्द ऐकून मी पुढे वर्षभर गप्प बसले. शाळेत हाच शब्द मी मुलांना किती वेळा ऐकवला असेल, तेही आठवत राहिले.

लहान मुलांचा, हे तर मोठे गमतीचे आहे. मुले मोठी होतात की! लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणे लिहून ऑटिझम जगापुढे मांडला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, बँकेत नोकरी केली आणि 2023 मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. एडीएचडीचेही तसेच. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत 2013 मध्ये बदल झाला. पूर्वी लक्षणे सातव्या वर्षाआधीची लागत, आता बाराव्या वर्षाआधीची चालतात. आणि सतरा वर्षांपुढच्या माणसाला सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात. एकाच व्यक्तीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात, हेही त्याच वेळी मान्य झाले.

मला आपल्या मराठी शब्दांबद्दलही थोडी तक्रार आहे. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो, एडीएचडीला 'अतिचंचलता'. दोन्ही शब्द बघणाऱ्याने ठेवलेले. जो आवाजाने, दिव्यांनी, माणसांच्या गर्दीने हैराण होऊन कोपऱ्यात जातो, तो स्वतःत मग्न कसा? त्याला तर बाहेरचे नको तितके ऐकू येत असते. आणि मी वर्गात शेवटच्या बाकावर पुतळ्यासारखी बसणारी मुलगी, मला चंचल कोण म्हणणार? चंचल आत होते.

तपासणीतही हाच फरक पडतो. आपल्याकडे ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या पुढे गेली तर ऑटिझम. त्यात नजरेला नजर देत नाही, एकटा राहतो, अशा दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. लहान मुलाला ते ठीक. पण जिने तीस वर्षे आरशासमोर हसण्याचा सराव केला आहे, लग्नघरात सगळ्यांशी बोलून रात्री ताप आल्यासारखी पडून राहते, तिची बेरीज किती होईल? दिसते तेवढेच मोजणारा तिला परत पाठवेल. आत काय चालते, हे विचारणारा भेटावा लागतो.

मला तो उशिरा भेटला. या वेळी मी आधी फोन करून विचारले: प्रौढांना तपासता का? किती बैठका होतात? लेखी अहवाल देता का? खर्च किती? मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारले. ज्यांनी चिडचिड न करता सगळी उत्तरे दिली, त्यांच्याकडे गेले.

दीड-दीड तासाच्या दोन बैठका झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तीही भरली. पण ती केवळ दार उघडून देते, तेवढ्यावर निदान होत नाही. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, चिंता यांची चौकशी झाली. रक्तात किंवा मेंदूच्या फोटोत एडीएचडी सापडत नाही; ही तपासणी दुसरे कारण तर नाही ना, हे पाहण्यासाठी असते. काहींच्या बाबतीत ते दुसरेच कारण निघते, आणि तसे निघाले तर तेही हाती लागलेलेच. मला सगळ्यात नवल वाटले ते एका प्रश्नाचे. "वर्षातले कोणते दिवस तुम्हाला सोपे जातात?" कोणी असे कधी विचारले नव्हते. मी म्हटले, रमजानचे. ताई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले.

दुसऱ्या बैठकीसाठी त्यांनी माझे बालपण पाहिलेले कोणीतरी हवे म्हणून सांगितले. म्हणजे अम्मी. एकाहत्तर वर्षांच्या बाईला काय सांगणार? वेडाच्या डॉक्टरकडे जातेय म्हणू, की तुझ्या संगोपनात खोट होती असे तिला वाटू देऊ? चार दिवस मी विषय काढला नाही. शेवटी तांदूळ निवडता निवडता सांगितले. ती काही बोलली नाही. उठली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि माझी प्रगतिपुस्तके काढून दिली. पाचवी, सहावी, सातवी. तीन वेगवेगळ्या बाईंच्या हातचा शेरा, जवळपास सारखाच: हुशार आहे, पण लक्ष नसते. बारा वर्षांआधीचा पुरावा म्हणजे आणखी काय असतो?

अम्मीने पाचवीच्या पानावर बोट ठेवले. "इसके वास्ते मैंने तेरे कू मारा था," ती म्हणाली.

मला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघींनी तांदूळ निवडून पुरे केले.

अहवाल आला, त्यात एडीएचडी लिहिले होते. पण दोन पाने मला काय जमते यावर होती आणि एक पान कोणती सोय केली तर काम सोपे जाईल यावर. ते एकच पान मी मुख्याध्यापकांना दाखवले. आता मला पेपर वीस-वीसच्या गठ्ठ्यांत मिळतात, प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख टाकून. शिस्त तीच, फक्त ती आता माझ्या डोक्याबाहेर आहे, फ्रिजवरच्या तक्त्यासारखी.

कायद्याची बाजू थोडी वाकडी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र उपचाराचा, गोपनीयतेचा आणि आपली कागदपत्रे मागण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलीमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

रोजेदारांसाठी एक गोष्ट. एडीएचडीच्या काही गोळ्यांनी भूक मरते, झोप लांबते, छातीत धडधडते. मिथाइलफेनिडेट तर कडक कायद्याखाली येते, प्रत्येक दुकानात मिळत नाही. त्यामुळे रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावे, आपल्या मनाने वेळ बदलू नये की गोळी सोडू नये. माझी गोळी सहेरीनंतर घ्यायला सांगितली आहे. दुसऱ्याचे वेगळे असेल. कुराणात सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर भरून काढण्याची सवलत आहे, ती डोकेदुखीपुरती नाही. (पहिल्या तीन रोजांची डोकेदुखी मात्र चहाची. ती सगळ्यांचीच.)

परवा इफ्तारनंतर अम्मी हळूच म्हणाली, ते अठरा प्रश्नांचे कागद अजून आहेत का तुझ्याकडे? मी एक काढून दिला. चार प्रश्न भरून झाले आहेत. पुढचे राहिलेत, कारण चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवत नाही, आणि शोधायला बसलेली मी मध्येच शेवया भाजायला उठले.