नखातील बुरशी आणि लेसर किरण

आपल्या संस्कृतीत पायांना मोठा मान आहे. वडीलधाऱ्यांच्या पायांवर मस्तक ठेवावे, संतांच्या पादुका पालखीतून मिरवाव्यात, ही आपली रीत. परंतु ज्या पायांना आपण वंदन करतो, त्यांची निगा मात्र क्वचितच राखतो. दात दुखू लागला की डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. पण पायाचे नख पिवळे पडले, जाड झाले, ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागला, तरी ‘वयोमानाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून ते मोज्यात झाकले जाते. पुष्कळदा हा वयाचा दोष नसून बुरशीचा रोग असतो. अलीकडे आपल्या हैदराबाद शहरातील खासगी दवाखान्यांतून या रोगावर लेसर किरणांचा उपचार केला जातो. या उपचाराने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम नख म्हणजे काय ते पाहू. केस, शिंगे आणि खूर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात, त्याचेच नखही बनते. आपल्याला दिसणारे नख निर्जीव असते; म्हणून तर ते कापताना वेदना होत नाहीत. ते घडविणारा जिवंत भाग मुळाशी, त्वचेखाली दडलेला असतो. तेथे नवे नख तयार होते आणि जुन्याला पुढे सारते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे साधारण त्याच्या निम्मेच. त्यामुळे पायाच्या अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे येण्यास १२ ते १८ महिने लागतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी सर्वांनी पाहिलेली आहे. बुरशीच्या या अफाट कुळातील काही जातींचे अन्न म्हणजे केराटिन. गजकर्ण किंवा नायटा हा त्यांचाच प्रताप. आमच्या कोकण-गोव्याकडे भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या कोणाला ठाऊक नाहीत? त्यांच्या मुळाशीही अनेकदा हीच मंडळी असतात. शहरात चिखल नसला, तरी घट्ट बूट आणि घामाने भिजलेले मोजे तेच काम करतात. बेचक्यांतली बुरशी नखाखालच्या फटीत शिरते आणि तेथे ठाण मांडते. तिच्यातील सर्वांत आढळणारी जात म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. नखुरडे निराळे, ते सुजते, ठणकते आणि आपल्याकडे लक्ष वेधून घेते. बुरशी सहसा दुखत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तग धरते.

आता लेसरकडे वळू. साध्या दिव्याच्या प्रकाशात नाना लांबीच्या लहरी असतात आणि त्या बाजारातील गर्दीप्रमाणे वाटेल तिकडे पांगतात. लेसरचा प्रकाश मात्र कवायतीच्या तुकडीसारखा असतो: सर्व लहरी जवळजवळ एकाच लांबीच्या, एका पावलाने आणि एकाच दिशेने चालणाऱ्या. या कल्पनेचे बीज आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या विवेचनात आहे. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण प्रत्यक्ष निर्माण केला. पुढे १९६४ साली तेथीलच बेल प्रयोगशाळेत दोन नवे लेसर जन्मास आले. एक निओडिमियम धातूचा अंश असलेल्या स्फटिकाचा, आणि दुसरा कर्बद्विप्रणील वायूचा. यांपैकी दुसऱ्याचे जनक चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीत झाला आणि त्यांनी अभियांत्रिकीची पदवी पुण्यात घेतली, हे वाचून कोणाही मराठी विद्यार्थ्याची मान उंचावेल.

नखाच्या रोगावर हे दोन्ही लेसर वापरले जातात. मात्र त्यांच्या कामाची रीत वेगळी आहे. निओडिमियमच्या लेसरची लहर १०६४ नॅनोमीटर लांबीची असते आणि डोळ्यांना दिसत नाही. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही लहर नखात खोलवर जाते, तेथे शोषली जाते आणि उष्णता निर्माण करते. या उष्णतेने बुरशी मरावी, ही अपेक्षा. परंतु येथेच खरी अडचण आहे. बुरशी मारण्यास सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता काही काळ टिकावी लागते, तर आपल्या त्वचेला ४५ अंशांच्या आसपासच वेदना होऊ लागतात. म्हणून किरण क्षणाक्षणाच्या ठोक्यांनी आणि जागा बदलत सोडावे लागतात. कर्बद्विप्रणीलच्या लेसरची लहर १०,६०० नॅनोमीटरची. ती पाण्यात चटकन शोषली जाते व पेशीजालाची वाफ करते. तिच्या साहाय्याने जाड नखात अतिसूक्ष्म छिद्रे पाडतात व त्यांतून वरून लावलेले औषध आत झिरपू देतात. म्हणजे येथे लेसर हा औषधाला वाट करून देणारा मदतनीस होय.

मग लेसरने रोग हटतो काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली अशा एका यंत्रास परवानगी दिली, ती ‘स्वच्छ नखात तात्पुरती वाढ’ एवढ्याच हेतूसाठी. रोग समूळ बरा होतो, असे त्या परवानगीत म्हटलेले नाही. निरनिराळ्या अभ्यासांतील निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. आता तो १२ ते १८ महिन्यांचा आकडा आठवावा. आज बुरशी मेली, तरी विद्रूप झालेले नख उद्या सुंदर होत नाही. ते हळूहळू पुढे सरकून कापलेच जावे लागते. म्हणून ‘चार बैठकांत नवे नख’ असे कोणी म्हणू लागल्यास त्याला नखाच्या वाढीचे गणित विचारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. इतरांत सोरायसिस, जुनी इजा किंवा घट्ट बुटांचा दाब अशी कारणे असतात. बुरशीच नसेल, तर बुरशीवरील उपचाराचे पैसे पाण्यात जाणार. यासाठी एक साधी तपासणी आहे. नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्याने केराटिन विरघळते व सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसू लागतात. उस्मानिया किंवा गांधी यांसारख्या सरकारी रुग्णालयांतही त्वचारोग विभाग आहेत. रोग निश्चित झाल्यावर टर्बिनाफीनच्या गोळ्या हा अधिक भरवशाचा उपाय मानला जातो. पायाच्या नखासाठी त्या साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात; मात्र यकृताचा विचार करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ज्यांना गोळ्या चालत नाहीत, त्यांच्या बाबतीत वरून लावायचे औषध व लेसर यांचा विचार होतो.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा असता, तर एवढा विस्तार केला नसता. मधुमेह झालेल्या माणसाच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंदावते. जाड, वाकडे नख शेजारच्या त्वचेत रुतते, जखम होते आणि ती कळतही नाही. अशी चिघळलेली जखम कधी कधी बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत जाते. आजोबांना वाकता येत नाही, आजींना नीट दिसत नाही. मग त्यांची नखे पाहणार कोण?

विद्यार्थिमित्रहो, ते काम तुमचे आहे. पाय धुतल्यावर बेचके कोरडे करावेत, मोजे रोज बदलावेत, नखे सरळ कापावीत आणि नखे कापण्याचे साधन घरात एकमेकांचे वापरू नये, हे नियम स्वतः पाळा. आणि सणासुदीला घरातील वडील मंडळींच्या पाया पडाल, तेव्हा त्यांच्या नखांकडेही नजर टाका. एखादे नख पिवळे, जाड दिसले, तर संकोच न करता घरात सांगा. वेळीच केलेली ती सूचना महागड्या किरणांहून अधिक उपयोगी ठरेल.