छपरावरची हिरवळ आणि तिचा हिशेब

अमेरिकेत डेट्रॉईटलगत डिअरबॉर्न येथे रूज नदीकाठी फोर्ड मोटारींचा प्रचंड कारखाना आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव पाठ असते. १९३७ साली तेथे पत्रके वाटावयास गेलेल्या वॉल्टर रूथर व त्यांच्या सहकाऱ्यांना कंपनीच्या माणसांनी पादचारी पुलावर बेदम मारले. त्याच आवारात, ट्रकच्या कारखान्याच्या छपरावर, २००३ साली सुमारे १० एकर हिरवळ उभी राहिली. मालकाला झाडांचा शौक जडला, असे मात्र कोणी समजू नये.

कारण होते पावसाचे पाणी. उघड्या छपरावरचे पाणी घटकाभरात गटारात आणि तेथून घाणीसकट नदीत जाते. ते आवरण्याची जबाबदारी कायद्याने कारखान्यावर येत होती. मोठे नळ, हौद आणि शुद्धीकरण यंत्रे बसविण्यापेक्षा छपरावर सेडम लावणे आणि खाली चर व पाणी झिरपणारी फरसबंदी करणे कंपनीच्या हिशेबात स्वस्त पडले. सेडम ही जाड पानांची ठेंगणी वनस्पती. तिला मातीचा पातळ थर पुरतो. त्याखाली निचऱ्याचा थर, मुळे रोखणारा थर आणि सर्वांत खाली पाणी अडविणारा पडदा. या पडद्यावर ऊन थेट पडत नाही, म्हणून तो अधिक वर्षे टिकतो. खालची जागाही कमी तापते.

हे ऐकून आपल्या सोसायटीच्या गच्चीवर लगेच पाट्या चढवू नका. साधी माती भिजली की घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. चार इंची थर म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ २०० किलो. आपल्याकडे वावराच्या गच्चीवर सामान्यतः १५० किलोंचा वापरभार धरतात. हलके मिश्रण आणावे, तर ते महाग. इंजिनिअरची फी येथे वाचवू नये. गळती लागली तर वरचे थर उचलावे लागतात, आणि पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचे पाणीही खर्चात धरावयाचे.

फोर्डचा खर्च फोर्डच्याच वहीत वळता झाला. आपल्याकडे वर्गणी सभासदांची, आणि पाणी कमी तुंबणार ते खालच्या रस्त्यावर, सखल भागातल्या चाळीत. तेव्हा नगरपालिकेने घरपट्टीत सूट देऊन वाटा उचलावा, हे माझे मत. शिवाय छपराच्या कडेला वाकून तण उपटणारा कोणी माळी असेलच. त्याच्यासाठी कठडा व कमरेचा पट्टा अंदाजपत्रकात पहिल्या पानावरच धरावा.